स्वस्त प्रोसेसर आणि उघडी नियमावली



मी कामगार चळवळीतला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण चळवळीने एक धडा दिला: करार वाचल्यावाचून सही करू नये. हौसेने ऑपरेटिंग सिस्टिम लिहू पाहणाऱ्या मुलांना प्रोसेसर निवडतानाही मी तेच सांगतो.

पीसीचा नेहमीचा प्रोसेसर आजही जागा होताना १९७८ सालच्या ८०८६चे सोंग घेतो. नवशिक्याची निम्मी शक्ती ते सोंग उतरवण्यातच जाते. उलट २०१० साली बर्कलीत सुरू झालेली 'रिस्क-फाइव्ह' आज्ञावली कोणीही वाचावी, परवान्याचे पैसे न देता तीवर प्रोसेसर घडवावा. आपल्या पवईच्या आयआयटीतला 'अजित' प्रोसेसरही 'स्पार्क' या खुल्या आज्ञावलीवरच उभा आहे.

मात्र केवळ स्वस्ताईला भुलू नका. २०२४ साली पाच डॉलरांना आलेला रास्पबेरी पाय पिको २ रिस्क-फाइव्हवरही चालतो. कामांच्या पाळ्या लावायला शिकावे, तर तो पुरेसा आहे. पण प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत पत्त्यांचे स्वतंत्र बिऱ्हाड थाटून देणारा विभाग त्यात नाही. ते हवे असेल तर दुसरा बोर्ड पाहावा लागेल.

म्हणून आधी पैसा खर्चूच नका. 'क्यूएमू' हा फुकट प्रोग्रॅम घरच्या पीसीवर रिस्क-फाइव्ह यंत्र उभे करतो. एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी केलेली 'एक्सव्ही-सिक्स' त्यावर चालवा, ओळ न् ओळ वाचा. मग लॅमिंग्टन रोडला जा आणि दोनच प्रश्न विचारा: याचे संपूर्ण माहितीपुस्तक मिळते का? सिरिअल तार जोडता येते का? उत्तर 'नाही' आले, तर तो बोर्ड फुकट मिळाला तरी महागच समजा.