गूगलवर डाळीची जाहिरात देण्यापूर्वी शब्दांची पारख करा



यवतमाळ जिल्ह्यात कपाशीत तुरीच्या ओळी घेण्याची पद्धत जुनी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे गावातच तुरीची डाळ करून विकणे शक्य झाले आहे. डाळ तयार होते, अन्न नोंदणी होते, पाकिटे भरली जातात. मग गिऱ्हाईक आणायचे कोठून, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी गूगलवर जाहिरात द्यावी असे अनेकांना वाटते. ती जरूर द्यावी, परंतु बियाणे घेताना जशी पारख करता तशी शब्दांची पारख आधी करावी.

जाहिरातीचा लिलाव

कोणी गूगलवर काही शोधले की त्या शब्दांवर पैसे लावणाऱ्या जाहिरातदारांचा क्षणार्धात लिलाव होतो. बाजार समितीत बोली चढते तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे बोलीबरोबर जाहिरातीचा आणि तुमच्या संकेतस्थळाचा दर्जाही पाहिला जातो. जाहिरातीवर कोणी क्लिक केले की तुमचे पैसे कापले जातात, मग त्याने डाळ घेवो वा न घेवो.

आता विचार करा. "तूर भाव आज यवतमाळ" असे शोधणारा माणूस तुमच्यासारखाच शेतकरी आहे. त्याला तूर विकायची आहे. "तूर मर रोग" शोधणाऱ्याला सल्ला हवा आहे. "बिनपॉलिश तूर डाळ 5 किलो" असे शोधणारा मात्र तुमचे गिऱ्हाईक आहे. नुसत्या "तूर" या शब्दावर पैसे लावले तर या तिघांचाही खर्च तुमच्या माथी येतो.

शब्द कसे शोधावेत

यासाठी गूगलचे "कीवर्ड प्लॅनर" हे साधन 2013 पासून उपलब्ध आहे. ते जाहिरात खात्यात मिळते व त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्याचा वापर पुढीलप्रमाणे करावा.

1. गिऱ्हाइकाची भाषा धरावी. आपण तूर डाळ म्हणतो, हिंदी भाषिक अरहर दाल किंवा तुअर दाल म्हणतात, तर पांढरकवड्यापलीकडे आदिलाबादकडे कंदिपप्पू म्हणतात. अनेक लोक मराठी शब्दही रोमन लिपीत लिहितात. ही सर्व रूपे टाकून पाहावीत.

2. ठिकाण निवडावे. संपूर्ण भारताचे आकडे पाहून भुलू नये. जेथे माल पोहोचवू शकता तेवढीच शहरे घ्यावीत, उदा. यवतमाळ, नागपूर, पुणे.

3. आकडे नीट वाचावेत. महिन्याला सरासरी किती वेळा शोध झाला ते येथे दिसते. खर्च न करणाऱ्या खात्यास हा आकडा ढोबळ टप्प्यातच दिसतो. "स्पर्धा" म्हणजे त्या शब्दावर पैसे लावणारे जाहिरातदार किती, एवढाच अर्थ घ्यावा. पानाच्या वरच्या भागातील जागेसाठी पडलेली कमी व जास्त बोलीही तेथे दिलेली असते.

4. हंगाम पाहावा. कोणत्या महिन्यात शोध वाढतो हे पाहून त्याप्रमाणे साठा व खर्चाचे नियोजन करावे.

5. नको असलेले शब्द वगळावेत. भाव, दर, रेट, बियाणे, लागवड, रोग, रेसिपी, नोकरी हे शब्द वगळण्याच्या यादीत घालावेत. एक शब्द वगळला म्हणून त्याच अर्थाचा दुसरा आपोआप वगळला जात नाही. म्हणून प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत स्वतंत्रपणे लिहावा.

परवडणारी बोली

समजा, सर्व खर्च वजा जाता 1 किलोच्या पाकिटामागे 40 रुपये सुटतात आणि 50 क्लिकमागे एक मागणी येते. म्हणजे एका क्लिकला 80 पैशांपेक्षा जास्त देणे परवडत नाही. तेच 10 किलोच्या मागणीत 400 रुपये सुटत असतील तर 8 रुपयांपर्यंत ना नफा ना तोटा. प्लॅनरमधील कमी बोलीच 8 रुपयांहून बरीच जास्त असेल तर तो शब्द सोडून द्यावा. सगळेच शब्द महाग निघाले तर जाहिरात न देणे हाच शहाणपणाचा निर्णय होय. हे साधन पैसे खर्च होण्यापूर्वीच तेवढे सांगते, हाच त्याचा मोठा उपयोग आहे.

पुढील काळजी

जाहिरात सुरू करताना ठिकाणाच्या रकान्यात "त्या भागात असलेले लोक" हाच पर्याय ठेवावा. नाहीतर त्या भागाविषयी केवळ उत्सुक असलेल्या दूरच्या लोकांनाही ती दिसते. दैनिक खर्चाची मर्यादा घातली तरी एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, त्यामुळे महिन्याचा हिशेब धरूनच रक्कम ठरवावी. लोकांनी प्रत्यक्ष कोणते शब्द शोधून क्लिक केले याची यादी खात्यात मिळते. शेतात तण काढावे तशी ती दर आठवड्याला निंदून काढावी.

एकदा डाळ घेतलेल्या गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक त्याच्या संमतीने वहीत नोंदवून ठेवावा. नवी डाळ निघाली की त्याला कळवावे. त्याच्या दुसऱ्या मागणीवर जाहिरातीचा खर्च पडत नाही, आणि धंद्यात खरी कमाई तेथूनच सुरू होते.