सुईचा जोर



अक्कलकुव्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार अनेक घरांच्या परिचयाचा आहे. तपासणी, सलाईन, पुन्हा तपासणी. एकाच कोवळ्या हाताला सुई वारंवार लागते. म्हणून सुईचाच विचार आज आम्ही मांडीत आहोत.

सुई टोचताना प्रथम कातडी आत दबते व तिचा विरोध वाढत जातो. मग ती भेदली जाते आणि विरोध एकाएकी उतरतो. पुढे उरते ते टोकाचे कापणे व सुईच्या अंगाचे घर्षण. २००४ साली अमेरिकेत ॲलिसन ओकामुरा व सहकाऱ्यांनी गुराच्या यकृतावर हे तिन्ही जोर निरनिराळे मोजल्याचे प्रसिद्ध केले. युक्ती सोपी होती: सुई आरपार गेली की टोकाला कापायला काही उरत नाही; तेव्हा लागतो तो निव्वळ घर्षणाचा जोर.

अनुभवी परिचारिकेच्या बोटांना तो उतार कळतो. पण बोटांची ही जाण शब्दांनी शिकविता येत नाही. तिचे आकडे झाले, म्हणजे यंत्रमानवाला आणि सरावाच्या नमुन्याला ती देता येते.

दुर्गम तालुक्यात यंत्रमानव कशाला, असे कोणी विचारील. त्याला वेळ लागो. सरावाचा नमुना तरी आधी यावा. शिकाऊ हाताच्या चुका रुग्णाच्या दंडावर का पडाव्यात? त्या नमुन्यावर पडोत. मात्र नमुना खरा हवा. धडधाकट प्रौढाच्या मापाने केलेला नमुना अशक्त मुलाची शीर कशी शिकविणार? ज्यांना सुई सर्वांत अधिक टोचते, त्यांचा विचार मोजमापात प्रथम व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे.