काकडी ते सांताक्रूझ : अंतर किती, वेळ किती?

घरात मुलांचा नकाशासंग्रह असेल तर तो जरा पुढे ओढा. शिर्डीच्या नैर्ऋत्येला चौदा-पंधरा किलोमीटरवर कोपरगाव तालुक्यातले काकडी हे गाव आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेथे विमानतळ सुरू झाला.

मुंबईचा विमानतळ काकडीहून दीड अंश पश्चिमेला आणि अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दक्षिणेला. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, अक्षांशाचा १११. शाळेत घोकलेला पायथागोरस येथे कामाला येतो : उत्तर १७० किलोमीटरच्या आसपास. मोटारीने हेच २४० च्या घरात जाते. जुन्या रस्त्याला सिन्नर, घोटी करून कसारा घाट उतरावा लागतो, विमानाला घाट नाही. पंख्याचे लहान विमानही तासाला ५०० किलोमीटर जाते. म्हणजे वीस-एकवीस मिनिटे!

या गणितावर मी एकदा विसंबलो. नोव्हेंबर २०१९. थोरली बहीण मुंबईच्या इस्पितळात होती, दुपारी शस्त्रक्रिया. "आत नेण्याआधी ये रे," एवढेच तिचे म्हणणे. तिकीट काढले आणि निर्धास्त झोपलो. त्या दिवसांत हवा इतकी धूसर होती की धावपट्टी नीट दिसेना, आणि काकडीची विमाने रद्द होत होती. माझेही झाले. भाड्याची मोटार करून पोहोचलो तेव्हा अक्काला आत नेऊन तास उलटला होता. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "विमानाने येणार होतास ना?"

विमान उडाले असते तरी वीस मिनिटांत पोहोचले नसते. धावपट्टीच्या टोकापर्यंत ते सावकाश चालत जाते, मग चढते. पुरता वेग गाठतो न गाठतो तोच उतरायची तयारी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की पाहुण्याला आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. वीसाची पंचेचाळीस मिनिटे होतात ती अशी. शिवाय घर ते काकडी, तेथे तासभर आधी हजेरी, तपासणी, सामानाची वाट आणि पुढे मुंबईची वाहतूक! चार तास सहज जातात.

आता दिल्ली घ्या. काकडीहून ती हजार किलोमीटरच्या किंचित वर. विमानाला दोनएक तास. पण हजेरी, तपासणी, सामान यांचा वेळ तेवढाच, तो अंतराबरोबर वाढत नाही. रेल्वेने मात्र दिवसाचा बराच भाग आणि रात्र जाते. तेथे विमानाचा पैसा वसूल होतो.

आता काकडीला रात्रीही विमान उतरते, ही सोय मोठी झाली. तरी अक्काला भेटायला निघालो की मी रात्रीची एस. टी. धरतो आणि पहाटे दादरला उतरतो.