एक लिंबूटिंबू असू द्या

(रौप्यमहोत्सवी क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनाच्या वेळी केलेले भाषण)



‘खेळाचे महत्त्व’ या विषयावर दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मी शाळेत पीटी शिकवली, बरीच वर्षं खो-खोच्या सामन्यांत पंच म्हणून शिट्टी वाजवली. त्यामुळे मी शिस्तीवर बोलेन अशी कमिटीची अपेक्षा असावी. नियमांबद्दल मला आदर आहेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधायला घेतले, म्हणून तो खेळ सगळीकडे सारखा खेळता येऊ लागला. खो पाठीमागूनच द्यायचा, एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलायची नाही, यातच त्या खेळाची सगळी रंगत आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. अशी परंपरा असलेल्या खेळांना नियम हवेतच.

पण छापील नियम लागतात ते अनोळखी माणसांना. नागपूरचा संघ कोल्हापूरच्या संघाशी खेळतो तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. तिथे पुस्तक हवं, पंच हवा. आपण मात्र पंचवीस वर्षं एकाच जिन्याने वर-खाली करतोय. आपले नियम आपल्याला बोलून ठरवता येतात.

आपली मुलं ते रोज करतात. कंपाउंडमधल्या क्रिकेटचे नियम कुठल्याही पुस्तकात नाहीत. वन टप्पा आऊट. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बॉल थेट गेला तर आऊट, आणि बेल वाजवून बॉल मागून आणायचा तोही मारणाऱ्यानेच. पहिला बॉल ट्राय बॉल. कोणी टाकायला नवीन असेल तर बेबी ओव्हर. यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी अडचणीतून आलाय. काचा फुटू नयेत, काकू ओरडू नयेत, खेळ बंद पडू नये. ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांचा गोट्यांचा खेळ बारकाईने पाहिला आणि त्यावर १९३२ साली पुस्तक लिहिलं. त्याला असं दिसलं, की लहान मुलांना नियम म्हणजे वरून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. मोठी होत गेली की त्यांना कळतं, सगळ्यांची संमती असेल तर नियम बदलता येतो. म्हणजे नियम बदलण्यासाठी घातलेला वाद हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

आणि आपल्या खेळांतला सगळ्यात शहाणा नियम कोणता? लिंबूटिंबू. ताईचा हात धरून आलेलं चार वर्षांचं पोर. ते आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. दोन वर्षांनी तेच पोर म्हणतं, ‘मी आता लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या.’ अशी बढती कुठल्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही.

आता आपल्या स्पर्धांकडे बघू. सोळा जणांची नॉकआऊट स्पर्धा घेतली की आठ जण पहिल्याच संध्याकाळी बाहेर. उरलेला आठवडा त्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाहेर जातात ती कोण? ज्यांना खेळाची सर्वांत जास्त गरज असते ती: नवखी मुलं, गुडघे दुखणारे काका, कधीच बॅट हातात न धरलेल्या वहिनी. एका वर्षी कॅरमच्या फायनलला राणी कव्हर झाली की नाही, यावरून दोन घरं महिनाभर लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नव्हती. बक्षीस होतं स्टीलचा डबा!

याउलट मंगळागौर आठवा. फुगडी, झिम्मा, पिंगा. रात्र संपते, घाम निघतो, पोट धरून हसणं होतं, आणि सकाळी कोणी विचारत नाही की जिंकलं कोण. सत्तरीच्या आजींनी दोन गिरक्या घेऊन ‘बस झालं गं बाई’ म्हटलं तरी त्या हरत नाहीत.

हे सगळं मी आज का सांगतोय? तर येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या मोकळ्या जागेचा विषय आहे. तिथे पार्किंगचे पट्टे मारायचे, असा प्रस्ताव आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. मात्र खेळ म्हणजे वर्षातून एकदा भरणारा क्रीडासप्ताह, असं आपण धरून चाललो, तर ती जागा वर्षभर रिकामीच दिसणार आणि सात दिवसांसाठी मंडप कुठेही घालता येईल. ती जागा खरी वापरात असते ती रोज पाच ते सात. तेव्हा तिथे ना बॅनर असतो, ना फोटो, म्हणून ती हिशेबात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य केलाय, आणि आपल्या देशाने १९९२ साली तो करार स्वीकारलाय. त्या हक्काला आपल्या सोसायटीत एवढीच एक जागा आहे. मत देण्याआधी एकदा संध्याकाळी तिथे येऊन दहा मिनिटं उभे राहा, एवढीच विनंती. जमलं तर उभे राहू नका, खेळा.

कमिटीने माझं एक ऐकलंय, त्याबद्दल आभार. सामने ठरल्याप्रमाणे होतील, पंच असतील, बक्षिसंही असतील. रविवारी संध्याकाळी मात्र लगोरी आणि डबा ऐसपैस. नावनोंदणी नाही, वयोगट नाही, बक्षीस नाही. नियम तिथेच उभं राहून ठरवू, आणि ते मुलं ठरवतील. साठीच्या पुढच्यांना हवं असेल तर लिंबूटिंबू म्हणून घेतलं जाईल. मी माझं नाव सांगून ठेवलंय. शिट्टी घरी ठेवून येणार आहे.