श्रद्धा, पंथ आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या प्रसंगी मी जरा जड विषय घेऊन आपल्यापुढे उभी आहे. त्याला कारणही तसेच आहे. गेल्या वर्षभरात मंडळातल्या तीन भगिनींनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. कुणाची सून, कुणाचा धाकटा दीर, कुणाची शिकलीसवरलेली मुलगी एखाद्या महाराजांच्या किंवा पंथाच्या इतकी आहारी गेली आहे की घरात राहूनही ती घरची उरलेली नाही. "आम्ही काय करावे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो चारचौघींत विचारायला त्यांना लाज वाटत होती. म्हणून तो मीच आज सर्वांसमोर मांडते.

आधीच सांगते, मी श्रद्धेच्या विरुद्ध बोलायला आलेली नाही. आपण अंबाबाईच्या गावच्या बायका. आषाढीला आपल्यातल्या कितीतरी जणी नंदवाळच्या दिंडीत चालतात आणि संध्याकाळी घरी येऊन शाबूची खिचडी करतात. पंढरीचा वारकरी गळ्यात माळ घालतो, वारी करतो आणि पुन्हा आपल्या शेताकडे, आपल्या मुलाबाळांत येतो. जी भक्ती माणसाला घरी परत पाठवते, तिचे भय कुणी बाळगू नये. आज बोलायचे आहे ते घरी परत न पाठवणाऱ्यांविषयी.

ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या आईवडिलांची कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. विठ्ठलपंत पत्नीला आळंदीला ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांच्या गुरूंना कळले की ह्याची पत्नी मागे एकटी आहे. परंपरा सांगते की गुरूंनी त्यांना परत घरी धाडले. शिष्य हातचा जाईल ह्याची त्यांना पर्वा नव्हती. एका बाईचा संसार मोडला ह्याची होती. खरा गुरू कसा ओळखावा, ह्याचे उत्तर त्या एका कृतीत आहे.

परंतु कथेचा दुसरा भाग त्याहून कठोर आहे. घरी परतलेल्या ह्या माणसाला समाजाने वाळीत टाकले. शिक्षा एकट्या विठ्ठलपंतांना झाली नाही. रुक्मिणीबाईंना झाली आणि काहीही अपराध नसलेल्या चार मुलांनाही झाली. त्यांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले गेले, त्यांच्या मुंजी अडल्या, आणि अखेर आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, असे परंपरा सांगते. माणूस ज्यांच्यावर जीव टाकतो त्यांना धरले की तो आपोआप वाकतो, हे बहिष्कार घालणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई ह्या विधवेशी लग्न केले. मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवली, अण्णांवर बहिष्कार घातला आणि घरच्यांनी त्यांना घरात ठेवले तर त्या घरावरही बहिष्कार, असे ठरवले. लग्न केले अण्णांनी आणि जाच सोसला त्यांच्या आईने व भावाने. १९५८ साली देशाने त्याच अण्णांना भारतरत्न दिले. परंतु मधली वर्षे त्या आईची कशी गेली असतील, ह्याचा विचार आपण बायकांनी करावा.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. १९७४ साली आचार्य रजनीश पुण्याला कोरेगाव पार्कात आले. तिथे पुष्कळांना मनःशांती लाभली असे ते सांगतात. ते खोटे म्हणण्याचा मला अधिकार नाही. संन्यास घेणाऱ्याला नवे नाव मिळे, भगव्या-तांबड्या रंगाची वस्त्रे मिळत आणि गुरूंचे चित्र असलेली १०८ मण्यांची माळ मिळे. १९८१ साली ही मंडळी अमेरिकेत ओरेगन राज्यात गेली आणि सुमारे ६४ हजार एकर जमिनीवर त्यांनी आपले नगर वसवले. दिवसाचे दहा-बारा तास काम चाले आणि त्या कामाला 'पूजा' म्हणत. १९८४ साली ह्या नगराचा कारभार पाहणाऱ्या शीला आणि त्यांच्या साथीदारांनी जवळच्या द डॅल्स गावातल्या उपाहारगृहांतील कच्च्या भाज्यांत रोगजंतू मिसळले. मतदानाच्या वेळी गावकरी आजारी पडावेत आणि निवडणूक आपल्या बाजूला फिरावी, हा त्यामागचा बेत होता. ७५१ माणसे आजारी पडली. गुन्हा कबूल करून शीला तुरुंगात गेल्या. प्रेम आणि ध्यान शिकायला आलेल्या माणसांचे नगर तीनचार वर्षांत ह्या थराला गेले.

ही झाली वर्तमानपत्रांतली बाजू. घरची बाजू निराळी आहे. विनोद खन्ना हा नट आपल्या सर्वांच्या माहितीचा. १९८२ च्या सुमारास, ऐन भरात असताना, त्याने सिनेमा सोडला आणि पत्नी व दोन लहान मुलगे मुंबईत ठेवून तो ओरेगनला गेला. तिथे त्याने बागकाम केले. १९८५ साली त्याचे लग्न मोडले. पुढे तो परत आला, पुन्हा कामाला लागला. पण मुलांच्या बालपणातली ती वर्षे परत आली नाहीत. टिम गेस्ट नावाच्या इंग्रज लेखकाने २००४ साली आपल्या बालपणावर एक पुस्तक लिहिले. त्याची आई ह्या पंथात गेली होती. मुलांची निजण्याची जागा वेगळी, मोठ्यांची वेगळी. मुले सर्वांची, म्हणून कुणा एकीची नाहीत. आई त्याच आवारात असूनही त्याला तिला शोधत फिरावे लागे. भगिनींनो, ती आई वाईट नव्हती. चांगल्या आईलाही हे घडते, म्हणूनच मी बोलते आहे.

हे घडते तरी कसे? रॉबर्ट लिफ्टन ह्या अमेरिकन मनोवैद्यांनी चीनमधील विचार बदलण्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या माणसांचा अभ्यास करून १९६१ साली ग्रंथ लिहिला. बाहेरच्या जगाचे वारे लागू न देणे, सतत दोषांची कबुली मागणे, गटाची स्वतंत्र भाषा, आणि आपल्या मार्गाबाहेर कुणाला गतीच नाही ही शिकवण, अशी लक्षणे त्यांनी सांगितली. ह्यात धाकदपटशा पहिल्या दिवशी येत नाही. पहिल्या दिवशी येते ते प्रेम. घरात आजारपण असते, मूल होत नसते, कर्ज झालेले असते, किंवा साध्या भाषेत सांगायचे तर दिवसभर राबणाऱ्या बाईला "तू जेवलीस का?" असे कुणी विचारलेले नसते. तिथे तिला नावाने हाक मारतात, तिचे ऐकून घेतात. मग आठवड्याचा एक दिवस जातो, मग चार जातात. मग माहेरचे लग्नकार्य चुकते, मग दागिने जातात. आणि ह्या सगळ्यात एक वाक्य हळूच कानात पडत राहते : "घरचे तुला अडवतील, ती तुझी परीक्षा आहे."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. कारण त्यानंतर आपण जे जे करतो, ते त्यांच्या कामी येते. आपण ओरडलो, फोटो फेकला, "वेडी झालीस" म्हणालो, की तिला वाटते, महाराज म्हणाले तसेच झाले. आपणच त्यांचे भविष्य खरे करून दाखवतो. "पुन्हा ह्या घराची पायरी चढू नकोस" असे बाप रागाने म्हणतो, तेव्हा त्या पंथाला जे काम करायला वर्ष लागले असते ते तो एका वाक्यात करून देतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे, पण नाव-गाव सांगत नाही. त्यांची मुलगी पदवीधर, नोकरी करणारी. एका गटात गेली, नोकरी सोडली, त्यांच्या आश्रमात राहू लागली. वडील वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी आली, तीही दोन सोबतिणींसह, आणि तासाभरात परतली. नातेवाईक म्हणाले, "तिचे नाव टाका आता." ह्या बाईंनी टाकले नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, सोबत चार ओळींचे पत्र. पत्रात उपदेश नाही, रडणे नाही. दारच्या चाफ्याला फुले आली, आत्याचा गुडघा दुखतो, तुझी खोली झाडून ठेवली आहे, एवढेच. डबा तिच्यापर्यंत जाई का, हेही त्यांना कळत नसे. सहा वर्षांनी एका पहाटे मुलगी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिने पुढे सांगितले की फराळ तिथे सर्वांत वाटला जाई, पत्र कधी मिळे, कधी मिळत नसे. पण "बाहेर तुझे कुणी उरले नाही" असे जेव्हा तिला सांगत, तेव्हा ते खोटे आहे हे तिला ठाऊक होते. त्या ठाऊक असण्यावर ती बाहेर पडली.

आईने तिला सोडवून आणले नाही. आईने फक्त दार लावले नाही. दार उघडे ठेवून वाट पाहणाऱ्या सगळ्याच आयांची मुले परत येतात, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण लावलेल्या दाराशी कुणी परत येत नाही.

दार उघडे ठेवायचे म्हणजे तिजोरीही उघडी ठेवायची असे मात्र नाही. घराच्या, शेताच्या कागदांवर सही करायची नाही, स्त्रीधन हातचे सोडायचे नाही. मुलांची शाळा आणि डॉक्टरांचे औषध ह्या दोन गोष्टींत तडजोड नाही. इथे कायदाही आपल्या बाजूला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळात मंजूर होऊन आला. साप, विंचू, कुत्रे चावलेल्याला औषधापासून अडवून मंत्रतंत्र करणे, दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणे, असल्या गोष्टींना त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

बहिष्काराविरुद्धही कायदा आहे, पण त्याची वाट बिकट गेली. मुंबई राज्याने १९४९ साली धर्मबहिष्कृतीला बंदी केली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. बहिष्कृताला आपल्या दफनभूमीतही जागा मिळू नये, हे योग्य की अयोग्य, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला आणि २०२३ साली पाच न्यायमूर्तींनी तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतीने ज्या घराला वाळीत टाकले, त्या घरातल्या बाईने हे माहीत करून घ्यावे.

परंतु जी सज्ञान मुलगी हसतमुखाने, आपल्या खुशीने सर्वस्व देऊन बसते, तिच्यासाठी कोणत्याच कायद्यात कलम नाही. तिथे पोलीस पोचत नाहीत. तिथे आई, सासू, जाऊ, शेजारीण हीच माणसे पोचतात.

म्हणून शेजारणींना माझे हात जोडून सांगणे आहे. ज्या घरातले माणूस असे गेले, त्या घराची चर्चा करू नका. त्या घरात जा. हळदीकुंकवाला तिला बोलवा, पंथात गेलेल्या सुनेलाही बोलवा. ती आली तर तिच्या महाराजांवर बोलू नका. तिच्या पाठदुखीवर बोला, तिने पूर्वी केलेल्या पुरणपोळ्यांची आठवण काढा. घरच्यांनाही लाजेपोटी तोंड लपवून बसायला लावू नका. लाजेने बंद झालेले घर त्या पंथाला हवेच असते.

शेवटी एक सूचना मांडते. महिन्यातून एक दुपार मंडळाची खोली अशा घरांतल्या बायकांसाठी मोकळी ठेवावी. कुणी भाषण करू नये, वहीत नाव लिहू नये. आलेल्या बाईने बोलावे, इतरांनी ऐकावे, चहा प्यावा. "तू जेवलीस का?" हा प्रश्न तिला आधी आपण विचारू, मग तो विचारायला दुसऱ्या कुणा महाराजांची गरज पडणार नाही. कार्यकारिणीने ह्या सूचनेचा विचार करावा, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.