पाकिटातला चेक



मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ओटीपीवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज कागदावर बोलतो. कुर्ल्यात आपल्या घरातली वडीलधारी, मशिदींचे ट्रस्ट, सोसायट्या अजून चेक लिहितात आणि तो भरायचं काम बहुतेक तुमच्याकडेच येतं.

माझ्या अब्बांनी भाचीच्या फीसाठी ८००० रुपयांचा चेक गावी पाठवला, साध्या पाकिटातून. पाकीट पोहोचलंच नाही. चेक मात्र वटला, ८०,००० ला! खाडाखोड कुठेच नाही. अब्बांनी इंग्रजीत ‘एट’ लिहून पुढे जागा सोडली होती. तिथे ‘वाय’ बसला, ‘एटी’ झालं. आकड्यापुढच्या जागेत शून्य आलं. चेक क्रॉस नव्हता, ‘बेअरर’ खोडलेलं नव्हतं. म्हणजे जो काउंटरवर नेईल त्याला रोख.

“पण सही तर माझीच आहे,” अब्बा म्हणाले. गोम तिथेच आहे. सही खोटी असेल तर बँकेला तुमच्या खात्यातून पैसे कापता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँकेच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. सही खरी आणि फेरफार दिसण्याजोगा नसेल, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम ८९ रीतसर पैसे देणाऱ्या बँकेच्या बाजूने उभं राहतं. नुकसान आपलं.

म्हणून नाव आणि रक्कम डावीकडे चिकटवून लिहा, उरलेल्या जागेत रेघ ओढा, क्रॉस करून ‘अकाउंट पेयी’ लिहा. पेन स्वतःचं वापरा. कर्जाचा एजंट आपलं पेन पुढे करतो, त्याची शाई नंतर पुसली जाते. कॅन्सल्ड चेकवर सही लागत नाही; करूच नका. ५०,००० च्या वरचा चेक असेल तर ‘पॉझिटिव्ह पे’मध्ये तपशील आधी बँकेला कळवा. ड्रॉप बॉक्स नको वाटला तर काउंटरवर द्या आणि पावती मागा, ती नाकारता येत नाही. पोस्टाने पाठवायचाच तर स्पीड पोस्ट करा, पोहोचल्याचा फोन घ्या. पोहोचला नाही, तर त्याच दिवशी स्टॉप पेमेंट. ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालतं, उद्यावर ढकलायला वेळ उरलेला नाही.

अब्बांनी लाजेपोटी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. एसएमएस फोनमध्ये न वाचलेला पडून होता. बँकेला लेखी तक्रार दिली, पोलिसांतही दिली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. तो अजून चालू आहे. भाचीची फी मी भरली, यूपीआयने.