अर्ज लिहिताना : साडेपाचच्या गाडीची गोष्ट

गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल किंवा भाकरी थापता थापता, दोन्ही चालेल. आज आम्ही अर्जाविषयी बोलणार आहोत. कर्जाच्या अर्जाविषयी नाही, तो छापील असतो, रकाने भरले की झालं. ज्या अर्जात समोरच्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं असतं आणि पुरावा म्हणून आपल्याकडे आपल्या रोजच्या जगण्याशिवाय काही नसतं, त्या अर्जाविषयी. आमच्या गटातल्या बारा जणींनी मिळून हे बोलणं तयार केलंय. आवाज एकीचा असला तरी म्हणणं बाराजणींचं आहे.

असे अर्ज तालुक्याला कचेरीबाहेर लिहून मिळतात. अक्षर मोत्यासारखं. 'महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, आमच्या गावातील नागरिकांची अत्यंत गैरसोय होत असून...' वाचायला भारदस्त वाटतं. पण त्यातलं गावाचं नाव खोडून शेजारच्या गावाचं घातलं, तर अर्ज त्याही गावाला चालतो. गैरसोय म्हणजे काय झालं, कोणाचं झालं, किती दिवस चाललंय, यातलं एक अक्षर त्यात नसतं. साहेबांच्या टेबलावर तसले अर्ज रोज येतात. आपलाच तेवढा त्यांनी थांबून का वाचावा?

आमचं काय झालं ते सांगतो. आमच्या वाडीपासून हायस्कूल सहा किलोमीटर. सकाळी नऊला एसटी आहे. शाळा पाचला सुटते. पूर्वी साडेपाचला परतीची गाडी होती, सहाला पोरी घरात असायच्या. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. संप मिटला, सकाळची फेरी परत आली, पण साडेपाचची आली नाही. शेवटची गाडी पावणेचारला, म्हणजे शाळा सुटायच्या सव्वा तास आधी. नंतर वडाप. माणशी वीस रुपये, आणि जीप भरली तरच निघणार. नाहीतर पायी दीड तास.

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ती योजना आहे. आमच्या पोरींच्या दप्तरात तो पास होता. गाडी नव्हती.

तोंडी सांगून झालं होतं. पंचायतीतली मंडळी आगारात जाऊन आली. उत्तर मिळालं, 'त्या फेरीला भारमान नाही.' भारमान म्हणजे गाडीत बसायची सोय किती जणांची आणि प्रत्यक्ष बसले किती, त्याचं प्रमाण. हा शब्द आम्ही पक्का धरून ठेवला. समोरच्याची अडचण कोणत्या शब्दात आहे ते कळलं, की आपल्या अर्जाने कशाला उत्तर द्यायचं ते कळतं. तिथे रडून उपयोग नव्हता. तिथे डोकी मोजायला हवी होती.

मोजायचं काम गटातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी घेतलं. त्या हायस्कूलसमोर बोरं, शेंगा विकायला बसतात, थांबा समोरच आहे. त्यांना लिहिता येत नाही, पण रेघा ओढता येतात. पोरगी दिसली की उभी रेघ, पोरगा दिसला की आडवी, बाकी माणूस दिसला की टिंब. फक्त आमच्या वाडीच्या दिशेला जाणारे, फक्त साडेपाचच्या सुमारास. रोज रात्री नात रेघा मोजून आकडा आणि तारीख घालायची. शाळेचे पंधरा दिवस हे चाललं. एका दिवशी धो धो पाऊस होता, आकडा पडला. नात म्हणाली, हा दिवस गाळूया. आजी म्हणाल्या, 'गाळायचा न्हाई. पाऊस काय आपण पाडला?' तो दिवस वहीत राहिला. त्यामुळे उरलेल्या चौदा दिवसांवर कोणी शंका घेतली नाही, असं आम्हाला वाटतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि तिच्यावर आम्ही दोन बैठका घातल्या.

आमच्यातल्या एकीच्या लेकीला त्या रस्त्यावर त्रास झाला होता. मोटरसायकलवरून दोघे मागे मागे यायचे. सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं, हेच अर्जात पहिलं लिहा, हे वाचून साहेब हलतील. तिची आई गप्प बसून होती. शेवटी म्हणाली, 'तुम्ही लिहाल, साहेब वाचतील, मग ग्रामसभेत वाचलं जाईल. आणि संध्याकाळी पोरीचा बाप म्हणेल, एवढा धोका आहे तर शाळा बंद. गाडी येईल तेव्हा येईल, माझी पोर उद्यापासून घरी बसंल.'

तिचं म्हणणं खरं होतं. आपलंच दुःख आपल्याच पोरीच्या विरोधात वापरलं जाऊ शकतं. चौघी पोरींची शाळा आधीच सुटली होती. पाचवी त्यात आपल्या अर्जामुळे जायला नको. आणि जे झालं ते त्या पोरीचं होतं. ते कागदावर आणायचं की नाही हे तिने आणि तिच्या आईने ठरवायचं, गटाने मताला टाकून नाही. पोलिसांत तक्रार करायची वेळ आली तर ती वेगळी करायची, तिथे ते सांगावंच लागतं. पण गाडीच्या अर्जात ते यायलाच पाहिजे असं नव्हतं.

मग त्या भीतीपायी आपण रोज काय करतो, ते बघायला लागलो. तिथे आम्हाला सापडलं. अंधार पडायच्या आत पोरींना आणायला रोज दोघी आया पाळीने कामावरून चारला उठतात. लवकर उठलं की मजुरीतले शंभर कापले जातात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी त्याला नुकसान म्हणतच नव्हतं. ते आमचं स्वतःचं होतं, कोणाची अब्रू त्यात गुंतलेली नव्हती, आणि ते रुपयांत सांगता येत होतं.

अनुभवावरून मुद्दा मांडायची ही रीत काही आजची नाही. 1855 साली पुण्यात, जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने निबंध लिहिला. वय होतं साधारण चौदा. तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. तिच्या काळी तिच्या जातीच्या माणसाने बोलायचं धाडस करणं हीच मोठी गोष्ट, ती तर लिहून बसली. त्यात ती आपल्या लोकांतल्या बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. घरावर छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस अंगावर, अशा वेळी बाळंतिणीला काय होत असेल, याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करा, अशा अर्थाचं ती वाचणाऱ्याला सांगते. आम्ही हा भाग बैठकीत मोठ्याने वाचला. ती 'आमची दया करा' एवढंच म्हणून थांबत नाही. एक गोष्ट डोळ्यांपुढे उभी करते, छप्पर नसलेलं घर आणि त्यात बाळंतीण, आणि मग वाचणाऱ्यालाच त्याच्या घरातलं बाळंतपण आठवायला लावते. तिचा निबंध शाळेच्या पुस्तकात सगळ्या मुलींना मिळायला हवा, पण तो विषय आज लांबवत नाही.

आमच्या अर्जातला मधला भाग आता वाचून दाखवतो.

'आमच्या वाडीतल्या 17 मुली आणि 9 मुलगे हायस्कूलला येतात. शाळा पाचला सुटते. वाडीकडे जाणारी शेवटची गाडी पावणेचारला सुटते. आम्ही शाळेचे पंधरा दिवस साडेपाचच्या सुमारास थांब्यावर मोजणी केली. वाडीच्या दिशेला जाणारी माणसं सरासरी 38 होती. सगळ्यात कमी, पावसाच्या दिवशी, 31. वहीची नक्कल जोडली आहे. वडापने यायचं तर एका मुलीचे महिन्याच्या 24 दिवसांचे 480 रुपये होतात. आम्हाला दिवसाची मजुरी 300 रुपये मिळते. ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं दीड तास चालतात. डिसेंबरात सहा वाजल्यानंतर अंधार होतो, म्हणून आमच्यातल्या दोघी रोज काम अर्धवट सोडून मुलींना आणायला जातात. दोघींचे मिळून दिवसाला 200, महिन्याला 4,800 रुपये बुडतात. गेल्या दोन वर्षांत सातवी झालेल्या 11 मुलींपैकी चौघी आठवीला गेल्या नाहीत. मुख्याध्यापकांचं पत्र सोबत आहे. आम्ही नवी गाडी मागत नाही. पावणेचारची फेरी साडेपाचला सोडावी. पावणेचारच्या गाडीला वाडीचे सरासरी सहा प्रवासी असतात, तीही मोजणी जोडली आहे.'

त्याखाली एक परिच्छेद उत्पन्नाचा होता. पोरींचे पास मोफत, मग महामंडळाला काय मिळणार, असं कोणी म्हणेल हे आम्हाला दिसत होतं. पण सवलतीचे पैसे शासन महामंडळाला भरून देतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, त्याचंही तसंच. आणि वहीतली बारा टिंबं म्हणजे बाजार करून परतणारी माणसं, ती आज वडापवाल्याला पैसे देतात. समोरचा काय म्हणेल ते त्याच्या आधी आपण लिहून उत्तर दिलं, की त्याला बोलायला जागा कमी राहते.

काय काय गाळलं तेही सांगतो. 'वडापवाले आणि डेपोतले आतून एक आहेत' हे गावात सगळे म्हणतात. आमच्यातल्या कोणी ते पाहिलेलं नाही. गाळलं. 'शासनाला बायकांची किंमत नाही.' म्हणायला बरं वाटतं, पण आगारातला माणूस त्यावर काही करू शकत नाही. त्याच्या हातात वेळापत्रक आहे. गाळलं. 'आपण मायबाप आहात' हेही गाळलं, त्यावर मात्र थोडी कुरबुर झाली. एका जाऊबाईंचं म्हणणं, मायबाप म्हटलं की माणूस विरघळतो. असेलही. आम्हाला विरघळवायचं नव्हतं, गाडी हवी होती.

फेरी मागे न्यायला सगळ्यांची संमती होती असं नाही. पावणेचारला दवाखान्यातून परतणारी दोन म्हातारी माणसं नाराज होती आणि अजून आहेत. त्यांना दीड-दोन तास जास्त थांबावं लागतं. ते आम्ही त्यांना आधी घरी जाऊन सांगितलं होतं.

अर्ज ग्रामसभेआधीच्या महिला सभेत वाचला. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, ती आपल्याकडे पुष्कळदा कागदावरच होते, तेव्हा तारीख विचारून ठेवा. तिथे ठराव झाला, तोच ग्रामसभेत गेला, आणि ठरावाची प्रत अर्जाला लागली. आगारात अर्ज देताना आपल्या नकलेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ती पोच गटाच्या पेटीत असते. महिनाभर उत्तर नाही आलं, तेव्हा माहितीच्या अधिकारात दुसरा कागद दिला : अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कारवाई झाली, ते कळवावं. त्याला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 2005 चा कायदा आहे, आणि भांडणाची भाषा लागत नाही.

एकविसाव्या दिवशी आगारातून माणूस वही बघायला आला. आजींनी त्याला रेघांचा अर्थ समजावून सांगितला, शेंगाही दिल्या. पुढच्या सोमवारपासून पावणेचारची फेरी साडेपाचला सुटायला लागली, प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी भारमान बघून पुढचं ठरेल असं पत्रात लिहिलंय. म्हणून आता रेघा थांब्यावर नाही, गाडीत बसलेल्यांच्या ओढल्या जातात. शाळा सोडलेल्या चौघींपैकी दोघींची नावं पुन्हा घातली. एकीचं लग्न झालं. चौथीच्या घरी आम्ही अजून जातोय.

शनिवार राहिलाय. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटते, आणि त्या वेळेला वाडीकडे काहीच नाही. त्या अर्जासाठी येत्या शनिवारपासून मोजायला सुरुवात आहे. त्या दिवशी आजींचा तालुक्याला बाजार असतो, म्हणून वही घेऊन बसायला दुसरी कोणीतरी हवी, ते गुरुवारच्या बैठकीत ठरेल.